एम साईजची सोयरीक

९ फेब्रुवारी २००३, रविवार

साडीच्या एजंटानं दुकानाला चार डायऱ्या दिल्या. तीन यांनी ठेवून घेतल्या, चौथी मी उचलली. "तू काय लिहिणार त्यात?" म्हणाले. म्हटलं, या घरात मी बोललेलं कुणी ऐकत नाही, निदान लिहिलेलं तरी राहील.

लिहायला आज कारणही मिळालं. आमच्या खुशबूला बघायला आळेफाट्याची मंडळी आली होती. गुलाबचंदजी, त्यांची बायको कंचनबाई आणि मुलगा विपुल. घरात त्याला बंटी म्हणतात. त्यांचंही आमच्यासारखंच रेडिमेडचं दुकान आहे, अगदी फाट्यावर. आमचं मंचरला, त्यांचं तिथं, मध्ये एवढं अंतर की गिऱ्हाईक तुटायची भीती नाही. सोयरीक अशीच असावी.

मुलगा गोरा आहे, थोडा काटकुळा. मी विचारलं, गरम होतंय का, पंखा वाढवू का, तर त्यानं आधी आईकडं पाहिलं. आई हो म्हणाली, मग तोही हो म्हणाला. मला तर फार आवडलं. आजकाल आईला एवढं विचारणारी मुलं राहिलीत कुठं?

खुशबूला विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "अजून त्याच्याशी बोलणं कुठं झालंय? मी त्याच्या मम्मीशीच बोलले." बी.कॉम. झाल्यापासून ही पोरगी सरळ उत्तर देत नाही.

१४ फेब्रुवारी

होकार आला! देवापुढं साखर ठेवली.

दुपारी कंचनबाईंचा फोन. आमच्यात खोळ भरायला, म्हणजे साखरपुड्याला, मुलाकडचे कपडे येतात, तेच घालून मुलीनं पाटावर बसायचं. त्या म्हणाल्या, पुण्याहून घागरा-चोळीचा रेडिमेड ड्रेस घेतेय, मुलीचा साईज काय? मी ताडकन सांगितलं, "मीडियम." त्या म्हणाल्या, "अगं बाई, मीसुद्धा मीडियमच! दोन मुलं झाली तरी." मी म्हटलं, मीपण. दोघी इतक्या हसलो की विचारू नका. त्यांचेही मिस्टर त्यांचे कपडे आपल्या दुकानातूनच आणतात म्हणे, अगदी आमच्या यांच्यासारखे. माझ्या दोन्ही जावा गाऊन घेताना डबल एक्सेल मागतात आणि मान खाली घालतात. मी लग्नात एम होते, आजही एमच आहे. अंगाला वळण लागतं, दुसरं काय.

आम्ही बंटीला ब्लेझर देणार. त्याची छाती चाळीस म्हणाल्या. दिसत नाही, पण असेल.

मी बोलत होते तेव्हा हे समोर बसून हातानं काहीतरी खुणा करत होते, नको नको अशा. मला वाटलं, बिल वाढतंय म्हणून. फोन ठेवला तर म्हणाले, "साईज कशाला सांगितला? एखादा नंबर वाढवून सांगायचा." म्हटलं, वाढवून? माझी मुलगी काय म्हैस आहे?

२० फेब्रुवारी

दुकानात जाऊन बसले, यांना जेवायला सोडलं. महाळुंगे पडवळची मंगल आली, हातात मुलाचा शर्ट. टेबलावर आपटलाच तिनं.

"शेठ कुठंय? आवो, मागल्या टायमाला तीस नंबर नेला, तो लई ढगळ झाला. आता बी तीसच नेला, तर ह्यो मुंडीतनंच खाली येईना. येकाच दुकानातले दोन तीस येगळे कसं व्हतील?"

तेवढ्यात हे आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पोरगं वाढलं की! पेढे वाट."

"पंधरा दिसांत?"

"या वयात वाढतात गं. आणि हा धुतल्यावर सैल होईल."

"मागला धुतल्यावर आटंल म्हणलं व्हतं तुमी."

"तो वेगळा कपडा होता."

मंगल हसत सुटली. "तुमचं कापड लई शहाणं हाय राव, पायजे तसं वागतंय." शेवटी बत्तीस नंबर घेऊन गेली. तो बसेल की नाही हे यांना नाही, मंगलला नाही, त्या पोरालाही माहीत नाही. यांच्या तोंडाला साखर आहे, मला अभिमानच वाटतो.

यांची आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. कुठल्याही कंपनीचे गाऊन, ड्रेस, टॉप आले की हे पाठीमागं बसून गळ्यातलं लेबल छोट्या कात्रीनं काढतात आणि आपलं मऊ लेबल टाचतात. कंपनीचं लेबल बायकांच्या मानेला टोचतं म्हणे. गिऱ्हाइकाची एवढी काळजी करणारा दुकानदार अख्ख्या तालुक्यात दाखवा मला. लेबलांचे रोल पुण्याहून येतात. त्यात एमचा रोल सगळ्यात आधी संपतो. म्हणजे आमच्याकडच्या बायका चांगल्या सडपातळ आहेत, आणि लोक उगाच म्हणतात मंचरचं पाणी जड.

१६ मार्च, रविवार

ड्रेस आला. मुद्दाम आधी पाठवला, चपला-बांगड्या जुळवता याव्यात म्हणून. डाळिंबी रंग, अंगभर टिकल्या आणि जर. डोळे दिपले.

खुशबू घालायला आत गेली ती बाहेरच येईना. मी आत गेले तर चोळी दंडावरच अडकलेली. मी ओढली, ती ओरडली. घागऱ्याची चेन अर्ध्यावर. लेबल पाहिलं तर एम. स्वच्छ एम!

यांना वर बोलावलं. म्हटलं, आपल्या दुकानातला एम हिला ऐसपैस होतो, मग पुण्याचा एम का होत नाही? यांनी लेबल असं निरखलं जसं काय कोर्टाचा कागद आहे. मग म्हणाले, "पुण्याचं सगळंच आखडतं असतं." ते खरंच आहे.

खुशबू म्हणाली, "मम्मी, त्यांना फोन करून सांग ना, मोठा पाठवा. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! मी माझ्या तोंडानं मीडियम सांगितलंय. आता काय सांगू, महिन्याभरात मुलगी फुगली? की मी खोटं बोलले? सोयरीक पक्की व्हायच्या आधीच आम्ही खोटे ठरायचे का?

१७ मार्च

चिमाजी शिंप्याला गुपचूप घरी बोलावलं. त्यानं ड्रेस उलटा केला, सुलटा केला. "आत कापडच सोडल्यालं न्हाई वैनी. उसवून काय करू? बगलंत पट्टी लावतो म्हणलं तर जरीत दिसणार." दिसली की कंचनबाईंची नजर पहिली तिथंच जाणार, त्या दुकानदारीण आहेत. चिमाजीला चहा देऊन परत पाठवला. जाताना म्हणाला, "ड्रेस व्हत न्हाई तर दुसरा आणावा, पोरीला का उसवायची?" याला कोण विचारतंय?

१९ मार्च

सापडला उपाय. ड्रेस वाढत नाही, तर खुशबूनं कमी व्हायचं. पण लग्न ठरलेल्या मुलीला उपाशी ठेवलं की लोक विचारणार. म्हणून आयंबील, आम्हा जैनांचं तप. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तूप नाही, तेल नाही, दूध नाही, मसाला नाही. उकडलेले मूग आणि कोरडी भाकरी. धर्माचा धर्म आणि पोटही आत.

सासूबाई ऐकत होत्या. आमच्या सासूबाई म्हणजे झमकूबाई, महिन्यातून चार वाक्यं बोलतात. म्हणाल्या, "तप देवासाठी करतात, चोळीसाठी नाही." मी म्हटलं, तुमच्या काळी चोळ्या शिवून घ्यायचे, तुम्हाला काय कळणार? उठून माळ ओढायला बसल्या. मला नंतर थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

खुशबू तयार झाली. म्हणजे काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे होच की.

२६ मार्च

जैन स्थानकात बायकांनी मला अक्षरशः घेरलं. एवढ्या लहान वयात एवढी तपस्या! चैत्रातली आयंबीलची ओळी सुरू व्हायला अजून अवकाश आहे तरी! एका बाईनं खुशबूच्या पाया पडायला आपल्या सुनेला पुढं ढकललं. बातमी आळेफाट्यापर्यंत गेली. कंचनबाईंचा फोन आला, "आम्हाला अशीच धार्मिक मुलगी हवी होती." मी म्हटलं, पहिल्यापासूनच तशी आहे ती. महाराजसाहेबांसमोर मात्र मला नजर वर करता आली नाही, ऊन फार होतं.

चोळी आता दंडावरून खांद्यापर्यंत जाते. पुढं सरकत नाही.

संध्याकाळी विचित्र झालं. खुशबू दुकानातून वर आली ती हातात माझा निळा ड्रेस आणि कॉलेजच्या मैत्रिणीनं पुण्यात घेतलेला एक टॉप घेऊन. दोन्ही एमच. एकावर एक ठेवले, माझा चार बोटं बाहेर आला, आणि यांना म्हणाली, "पप्पा, तुम्ही सांगता की मी सांगू?" हे म्हणाले, "चहा झाला का?" मी विचारलं, काय सांगायचंय? ती यांच्याकडं बघत राहिली. हे बशीत बघत राहिले. मग ती माझ्याकडं वळली, माझ्या अंगावरच्या ड्रेसकडं पाहिलं आणि म्हणाली, "काही नाही मम्मी. तुला छान दिसतो तो."

काहीतरी शिजतंय. कॉलेजातलं कुणी तर नाही?

२ एप्रिल, पाडवा

घरात श्रीखंड. खुशबूचे मूग. पोरीनं एकदासुद्धा पातेल्याकडं बघितलं नाही, तेच मला बघवेना. हे जेवता जेवता उठले. पोट बरं नाही म्हणाले. हल्ली ते खुशबूच्या समोर बसायचंच टाळतात. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, हिचं कुठं काही आहे का? ती तुम्हाला काय सांगायला सांगत होती? तर म्हणाले, "चेतना, चिठ्ठीवरचा नंबर एवढा काय मनावर घ्यायचा? मोठा ड्रेस मागवू या." म्हटलं, मागवा ना, तुमचे व्याही आहेत, तुम्हीच फोन करा आणि सांगा की आमचा एम खोटा. फोनपाशी गेले, उभे राहिले, परत आले. लाइन लागत नाही म्हणाले. डायल केलेलं मला तरी दिसलं नाही.

६ एप्रिल, रविवार

आज खोळ भरायची होती. सगळं लिहिते.

दुकानावरच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं. बंटी आला, आम्ही पाठवलेला चाळीस नंबरचा ब्लेझर घालून. काय सांगू! खांदे कोपराकडं उतरलेले, हाताची बोटंसुद्धा दिसेनात. शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्याला तरी कपडे बरे बसतात. गुलाबचंदजींच्या दुकानातल्या चाळीसमध्ये तो म्हणे चांगला भरतो. सगळ्यांनी "वा, शोभतो" म्हटलं. मीही म्हटलं.

खुशबूला आत तयार करत होते. श्वास सोड, पोट आत घे, हात वर कर. चोळी अर्ध्यात आली. आणि ती एकदम म्हणाली, "बस्स." काढून खाटेवर ठेवली, कपाटातला आपला पिवळा सुती ड्रेस चढवला आणि माझ्या आधी बाहेर गेली. मी मागून "अगं, अगं!" करत.

कंचनबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आमचा ड्रेस?"

"बसत नाही, काकी."

"मीडियम सांगितला होता तुमच्या मम्मीनं."

मी यांच्याकडं पाहिलं, आता तरी काही बोला. हे सतरंजीचा दोरा उपसत होते. गुलाबचंदजीही छताकडं बघत होते. पुरुष माणसं, वेळेवर कधी उपयोगी पडायची नाहीत.

कंचनबाई म्हणाल्या, "आम्हाला सांगितलं एक आणि निघालं एक. राग नाही आमचा. पण खोळ दिवाळीनंतर भरू. तोपर्यंत मुलीनं तब्येत कमी करावी. हाच ड्रेस बसला पाहिजे."

आणि मी, तिची आई, मान हलवत होते. हो हो, होईल कमी, असं म्हणतच होते.

खुशबू बंटीकडं वळली. "तुम्हाला काय वाटतं?"

तो ब्लेझरच्या आतून म्हणाला, "मम्मी म्हणतीय तर... दिवाळीपर्यंतच तर आहे."

खुशबू हसली. मला ते हसू आवडलं नाही. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "काकी, तुम्ही पण मीडियम ना? मग तुम्ही एकदा घालून दाखवा. तुम्हाला बसला तर दोष माझा. दिवाळीपर्यंत काय, दोन वर्षं मूग खाईन."

बायका खुसखुसल्या. कंचनबाईंचं नाक वर. "त्यात काय? आण इकडं!" गुलाबचंदजी पहिल्यांदा बोलले, "अहो, कशाला, राहू द्या," पण त्या निघाल्याच. बाई माझ्यापेक्षा बोटभर जास्तच भरतील, कमी नाही.

आतल्या खोलीत मी आणि त्यांची नणंद. हात वर केले, चोळी डोक्यातून आली, आणि तिथंच बसली. ना वर ना खाली. तोंड चोळीत, दोन्ही हात आभाळाकडं. आतून आवाज, "ओढा!" आम्ही ओढली. "अहो खाली नका, वर!" वर ओढली तर टिकल्या कानात रुतल्या. त्यातच लाइट गेले, पंखा बंद. बाई घामानं निथळल्या, खोलीभर गोल गोल फिरायला लागल्या, कपाटावर आदळल्या. शेवटी किंचाळल्या, "कापा! कापा मेलीला!" हे खालून लेबलाची कात्री घेऊन धावत आले आणि दारातूनच आत दिली. मी डाळिंबी चोळी टर्रकन उभी कापली.

बाहेर आले तर दोन्ही व्याही एकमेकांना सांगत होते. "पुण्याच्या मालाला हल्ली माप राहिलं नाही." "अजिबात नाही. गिऱ्हाइकाला फसवतात लेकाचे." इतकं एकमत मी सोयऱ्यांमध्ये कधी पाहिलं नव्हतं.

कंचनबाई पाणी पिऊन सावरल्या आणि म्हणाल्या, "ड्रेसच खोटा होता. मुलीत दोष नाही. आठवड्यात नवा आणते, पुढच्या रविवारी खोळ भरू." मी हात जोडले. जिंकलो की आम्ही!

७ एप्रिल

कसलं जिंकलो? खुशबू लग्नाला नाही म्हणतेय.

मी रडले, ओरडले, हातापाया पडायची राहिले. म्हटलं, आता तर सगळं नीट झालं! ती म्हणाली, "मम्मी, चोळी त्यांच्या डोक्यात अडकली म्हणून नीट झालं. त्या घालून आल्या असत्या तर? बंटी काय म्हणाला ऐकलंस ना?" म्हटलं, आईचा मान ठेवतो तो. "ठेवू दे. पण मग मला जेवायला वाढायचं की नाही, हेही तो मम्मीलाच विचारणार."

कॉलेजातलं कुणी आहे का, तेही विचारून टाकलं. एवढी हसली की मलाच लाज वाटली.

१० एप्रिल

हे आता लेबलं बदलत नाहीत. विचारलं तर म्हणाले, "टोचू दे लोकांना." माणूस असा एकदम निष्काळजी कसा झाला? बायका नेहमीचा एम घालून बघतात, लाल होतात आणि ड्रेस टाकून जातात. कळंबची एक जुनी गिऱ्हाईक म्हणाली, "शेठ, तुमचा माल पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई." खुशबू गल्ल्यावर बसून त्यांना समजावते की नंबर विसरा, अंगाला लावून बघा. अर्ध्या ऐकतात. उरलेल्या समोरच्या दुकानात जातात, तिथं एम बसतो म्हणे.

हे मात्र खुशबूशी परत बोलायला लागले. लग्नाचं विचारलं तर म्हणतात, "ती म्हणेल तसं." सगळा वाईटपणा माझ्याच वाट्याला.

१२ एप्रिल

उद्या खोळ. कंचनबाईंना नकार कळवलेला नाही, माझी जीभच उचलत नाही. अशी स्थळं काय झाडाला लागतात?

दुपारी सगळे जेवून उठले होते. मी आणि खुशबू दोघीच बसलो. तिचं आयंबील त्या रविवारीच सुटलंय. मी पोळ्या लाटत वाढत होते. तिची एक पोळी संपली. ताट पुढं ओढून ती तशीच बसली, मग हळूच म्हणाली, "मम्मी, अजून एक घेऊ का?"

बावीस वर्षांची पोरगी. स्वतःच्या घरात, सुपं भरून गहू असलेल्या घरात, आईला पोळी मागते, तीही चोरट्या आवाजात. मला लाटणं धरवेना. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच केलं. मनगटं बघितली तिची, माझ्या दोन बोटांत मावतील अशी झालीत. रोज बांगड्या जुळवत होते आणि मला दिसलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. कंचनबाई. नवा ड्रेस आणलाय, यावेळी लार्ज, दिसायला जरा साधा आहे पण काय करणार, मुलीच्या मानानं घ्यावा लागला. आणि एक करा म्हणाल्या, लग्नापर्यंत ते आयंबील चालूच ठेवा, आपलं सगळ्यांचं नाव होतं. मागून बंटीचा आवाज आला, "हो, चालू ठेवा म्हणावं."

मी म्हटलं, "कंचनबाई, ड्रेस ठेवून द्या. आमची खुशबू आहे एवढीच राहणार. तुमच्या घरात ती मावत नसेल तर आमच्या घरात पुष्कळ जागा आहे."

पलीकडून काय काय येत होतं. मी फोन ठेवला. वळून पाहिलं तर खुशबू ताटापाशी तशीच बसलेली, डोळे भरलेले, माझ्याकडं बघत. मी तव्यावरची करपलेली पोळी उतरवली, तुपाचं भांडं तिच्यापुढं सरकवलं.

तिनं डब्यातून स्वतःच्या हातानं पोळी घेतली. या वेळी विचारलं नाही.